एका नळकारागिराची एकशे अकरा वर्षे

पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीच्या खंदकांत उभा राहून लढलेला शेवटचा ज्ञात माणूस २५ जुलै २००९ रोजी इंग्लंडातील सॉमरसेट परगण्यात, वेल्स या लहानशा गावी, एका वृद्धनिवासात मरण पावला. त्याचे नाव हॅरी पॅच. वय १११ वर्षे ३८ दिवस. तो सेनापती नव्हता, हवालदार-जमादाराच्या दर्जाचाही नव्हता. साधा शिपाई होता आणि प्रत्यक्ष आघाडीवर त्याचे जेमतेम तीन-साडेतीन महिने गेले. त्याआधीची व नंतरची मिळून सुमारे पन्नास वर्षे त्याने घरोघरचे नळ जोडण्यात व सांडपाण्याच्या वाहिन्या नीट करण्यात घालविली. असे असूनही त्याच्या निधनाने इंग्लंड, फ्रान्स, बेल्जियम व जर्मनी या चारही देशांत एका काळावर पडदा पडल्याची भावना निर्माण झाली.

आपल्या मंडळाच्या अंकात या परदेशी नळकारागिराला स्थान का द्यावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, ज्या युद्धाने हॅरी पॅचला त्याच्या गावातून उचलून नेले त्याच युद्धाने सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर व बेळगाव या भागांतील हजारो तरुणांनाही नेले. तेही शेतकऱ्यांचे, सुतारांचे, लोहारांचे मुलगे होते. त्यांच्यापैकी जे परत आले त्यांनीही पुढची चाळीस-पन्नास वर्षे आपापली कामे केली आणि ते निघून गेले. फरक एवढाच की पॅचला कोणीतरी वेळेत विचारले. या फरकाचा विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे. परंतु त्यासाठी प्रथम त्या माणसाचे आयुष्य नीट पाहिले पाहिजे.

हॅरीचा जन्म १७ जून १८९८ रोजी बाथ शहरालगतच्या टेकडीवरील कोम डाउन या गावात झाला. हे गाव दगडाचे. बाथमधील नामांकित इमारती ज्या मधाळ रंगाच्या दगडाने बांधल्या आहेत तो दगड या गावाखालच्या खाणींतून निघत असे. हॅरीचे वडील पाथरवट-गवंडी होते आणि तीन भावांत हॅरी धाकटा. सन १९१३ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, शाळा सोडून तो बाथमधील एका नळकारागिराकडे उमेदवारीस राहिला. दगडाच्या घराण्यातला मुलगा शिशाच्या कामात गेला.

त्या काळचे नळकाम आजच्यासारखे आयते आटे फिरवून जोडण्याचे नव्हते, हे येथे सांगितले पाहिजे. इंग्रजी ‘प्लंबर’ हा शब्दच मुळी शिसे या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. नळ शिशाचे असत, आणि दोन नळ जोडायचे म्हणजे त्यांची टोके खरवडून साफ करावयाची, चरबी फासावयाची, वितळलेला डाख त्यावर ओतावयाचा आणि तो थिजण्यापूर्वी हातातील जाड कापडाच्या घडीने पुसत-पुसत त्याला गोलाईचा आकार द्यावयाचा. डाख फार तापला तर नळच वितळतो, थंड झाला तर सांधा गळतो. या दोहोंमधला क्षण पुस्तकात सापडत नाही; तो हाताला कळावा लागतो. छपरांवर शिशाचे पत्रे बसविणे, पन्हळी करणे, हेही याच कारागिराचे काम. आपल्याकडील कल्हईवाला किंवा तांबट ज्या जातीची नजर व हात कमावतो त्याच जातीचे हे कौशल्य होय. उमेदवारीची वर्षे त्यासाठीच असत.

ही उमेदवारी पुरी होण्याआधीच युद्ध आले. हॅरीचा थोरला भाऊ विल्यम सैन्यात होता व तो जखमी होऊन परतला होता. खंदकांत काय चालते हे त्याच्याकडून ऐकल्यामुळे हॅरीला युद्धाचा मुळीच उत्साह नव्हता. सन १९१४ मध्ये झुंडीने भरती झालेल्या तरुणांपैकी तो नव्हे. मात्र जानेवारी १९१६ मध्ये ब्रिटनमध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला, त्याच वर्षी जूनमध्ये हॅरी अठरा वर्षांचा झाला आणि ऑक्टोबरात त्याला बोलावणे आले. प्रशिक्षणाच्या काळात त्याला लान्स कॉर्पोरलची फीत मिळाली होती. पण आपले बूट पळविणाऱ्या एका शिपायाशी त्याची मारामारी झाली आणि ती फीत गेली. पुढे ती परत मिळविण्याची धडपड त्याने केली नाही.

जून १९१७ मध्ये, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या सुमारास, तो फ्रान्समध्ये पोहोचला. त्याची पलटण ‘ड्यूक ऑफ कॉर्नवॉल्स लाइट इन्फन्ट्री’ची सातवी बटालियन. त्याला लुईस मशीनगनच्या पाच जणांच्या तुकडीत नेमण्यात आले. ही बंदूक सुमारे तेरा किलो वजनाची. वर तबकडीसारखी फिरती चकती, तीत ४७ गोळ्या. पहिल्या क्रमांकाचा गडी ती चालवी. दुसऱ्या क्रमांकाचा म्हणजे हॅरी. त्याच्याकडे सुट्या भागांची पिशवी असे. बंदूक अडली की कोणता भाग बिघडला हे ओळखून तो बदलणे हे त्याचे काम. उरलेले तिघे गोळ्यांच्या चकत्या वाहून आणीत. नळकारागिराच्या उमेदवाराला सैन्यातही अखेर दुरुस्तीचेच काम मिळाले, असे म्हणता येईल.

हे पाच जण एका कुटुंबासारखे राहत. घरून येणाऱ्या पुडक्यातील केक, सिगारेटी, मोजे, सर्व काही पाचांत वाटले जाई. या पाचांनी आपसांत एक करार केला होता, आणि पॅचच्या आयुष्याचा विचार करताना तो विसरून चालणार नाही: शक्य असेल तोवर कोणाला जिवे मारावयाचे नाही, नेम पायांवर धरावयाचा. युद्धातील शिपाई वरिष्ठांना न विचारता असा करार करतात ही गोष्ट कोणत्याही अधिकृत इतिहासात नोंदली जात नाही.

ईप्रची तिसरी लढाई ३१ जुलै १९१७ रोजी सुरू झाली आणि १० नोव्हेंबरपर्यंत चालली. पाशनडेल या खेड्याच्या नावाने ती ओळखली जाते. बेल्जियमच्या सखल चिकणमातीच्या प्रदेशात तोफांच्या माऱ्याने पाण्याचे सर्व पाट व चर उद्ध्वस्त झाले होते, त्यात ऑगस्टचा अवेळी पाऊस. जखमी माणसे व जनावरे चिखलात बुडून मेली. दोन्ही बाजूंच्या हानीच्या आकड्यांवर इतिहासकारांचा वाद अजून संपलेला नाही, परंतु ते प्रत्येकी दोन लाखांच्या वर जातात याविषयी फारसे दुमत नाही. एवढे करून आघाडी आठ-दहा किलोमीटर पुढे सरकली.

हॅरीची बटालियन ऑगस्टच्या मध्यास स्टीनबेक नावाच्या ओढ्यापलीकडे लांगेमार्क गावावर चालून गेली. या चढाईतील दोन प्रसंग त्याच्या मनातून कधीही गेले नाहीत. एका ठिकाणी खांद्यापासून कमरेपर्यंत फाटलेला त्याच्याच पलटणीतील एक तरुण पडला होता आणि तो आपल्याला गोळी घालण्याची विनवणी करीत होता. हॅरीने पिस्तूल काढण्याआधीच त्याचा प्राण गेला. त्याचा शेवटचा शब्द ‘आई’ हा होता. तो हाक मारल्यासारखा नव्हे, तर कोणी समोर भेटल्यासारखा उच्चारला होता, असे पॅच सांगत. दुसऱ्या प्रसंगी एक जर्मन शिपाई संगीन रोखून अंगावर धावून आला. हॅरीने प्रथम त्याच्या खांद्यावर गोळी झाडली. रायफल गळून पडली, तरी तो येतच राहिला. तेव्हा पिस्तुलात आणखी गोळ्या होत्या आणि मारणे सोपे होते. पण हॅरीने त्याच्या गुडघ्यावर व घोट्यावर नेम धरला. पाच मित्रांचा करार अशा क्षणीही पाळला गेला.

२२ सप्टेंबर १९१७ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास आघाडीवरून मागे परतत असताना एक तोफगोळा या तुकडीवर फुटला. गोळ्यांच्या चकत्या वाहणारे तिघेही जागीच छिन्नविच्छिन्न झाले. दफन करण्याजोगे काही उरले नाही. हॅरीच्या जांघेजवळ लोखंडाचा तुकडा घुसला. उपचारकेंद्रात भूल देण्याचे औषध संपले होते. चार जणांनी हातपाय धरून ठेवले आणि डॉक्टरने तुकडा तसाच काढला. त्या वर्षीच्या नाताळाच्या तोंडावर तो इंग्लंडला परत आला आणि पुन्हा आघाडीवर गेला नाही. युद्धविराम झाला तेव्हा तो वाइट बेटावर होता. साऱ्या जगाने ११ नोव्हेंबर हा स्मरणदिन मानला; हॅरी पॅचने मात्र जन्मभर २२ सप्टेंबर हाच आपला स्मरणदिन मानला. तो दिवस कसला हे त्याने कोणाला सांगितले नाही.

येथून पुढे आठ दशके या माणसाने युद्धाबद्दल चकार शब्द काढला नाही. सन १९१९ मध्ये त्याने विवाह केला आणि तो संसार अर्ध्या शतकाहून अधिक काळ टिकला. पण पत्नीलाही पाशनडेलची हकिगत त्याने सांगितली नाही. युद्धपट तो पाहत नसे. माजी सैनिकांच्या मेळाव्यांना जात नसे.

जी गोष्ट तो करीत राहिला ती म्हणजे काम. अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करून तो नळकामात परतला. ब्रिस्टल शहरात विद्यापीठाच्या मिरवणुकीच्या प्रसंगांसाठी उभारलेली ‘विल्स मेमोरियल’ ही उंच मनोऱ्याची इमारत पुष्कळ वाचकांनी चित्रात पाहिली असेल. तिचे बांधकाम युद्धामुळे थांबले होते, ते युद्धानंतर पुन्हा सुरू झाले आणि जून १९२५ मध्ये राजे पाचवे जॉर्ज यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. या इमारतीच्या नळकामावर पॅच काही वर्षे राबला. पुढे स्वच्छता-अभियांत्रिकीची परीक्षा देऊन त्याने आपल्या धंद्यात वरची पायरी गाठली.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला होता. बाथमध्ये तो अग्निशमन दलाचा अर्धवेळ स्वयंसेवक झाला. एप्रिल १९४२ च्या अखेरीस जर्मन विमानांनी या जुन्या शहरावर लागोपाठ दोन रात्री बाँब टाकले. सुमारे चारशे नागरिक ठार झाले. ज्या शहराच्या दगडांवर त्याच्या वडिलांचे आयुष्य गेले, त्या शहराची आग विझविण्याचे काम मुलाकडे आले. त्यानंतर तो स्ट्रीट या गावी राहावयास गेला, नळकामाचा धंदा चालविला, सॉमरसेटमधील अमेरिकी सैनिकांच्या छावण्यांच्या देखभालीचे काम पाहिले आणि १९६३ मध्ये पासष्टाव्या वर्षी निवृत्त झाला. निवृत्तीनंतर अजून शेहेचाळीस वर्षे त्याच्या वाट्याला यावयाची होती. या काळात पहिली पत्नी गेली, दुसरा विवाह झाला, दुसरी पत्नीही गेली आणि दोन्ही मुलगेही वडिलांच्या आधी गेले. दीर्घायुष्य म्हणजे काय याची कल्पना यावरून यावी.

सन १९९८ मध्ये पॅच शंभर वर्षांचे झाले. त्या सुमारास युद्धात लढलेल्या हयात सैनिकांचा शोध घेणारी बीबीसीची मंडळी वेल्समधील वृद्धनिवासात आली, आणि पॅच बोलू लागले. का बोलले, याचे उत्तर त्यांनी साधेच दिले आहे: बोलू शकणारे आता फार थोडे उरले होते. यामागे आणखी एक गोष्ट होती. वृद्धनिवासात त्यांच्या खोलीसमोर कपडे ठेवण्याची खोली होती. रात्री तिथला दिवा अचानक लागला की काचेतून झगमगाट होई आणि अर्धवट झोपेत त्यांना २२ सप्टेंबरचा तो तोफगोळा पुन्हा फुटल्यासारखे वाटे. ऐंशी वर्षे झाकून ठेवलेली गोष्ट गेलेली नव्हती.

फ्रान्सने आपल्या भूमीवर लढलेल्या हयात सैनिकांना ‘लेजियाँ द ऑनर’ हा सन्मान देण्याचे ठरविले, तो पॅच यांना १९९९ मध्ये मिळाला. तो त्यांनी आपल्या तीन मित्रांना अर्पण केला. सन २००४ मध्ये त्यांची भेट शार्ल क्युंट्झ या १०७ वर्षांच्या वृद्धाशी घडवून आणण्यात आली. क्युंट्झ हे अल्सेसचे. तो प्रदेश तेव्हा जर्मनीकडे असल्यामुळे ते जर्मन सैन्यातून पाशनडेलला लढले होते. दोन शतायुषी शत्रू एकमेकांसमोर बसले. पॅच यांनी सॉमरसेटच्या सफरचंदाच्या मद्याची बाटली दिली, क्युंट्झ यांनी अल्सेसच्या बिस्किटांचा डबा दिला. पुढच्याच वर्षी क्युंट्झ वारले. २००७ मध्ये, वयाच्या १०९ व्या वर्षी, इतिहासकार रिचर्ड व्हॅन एम्डेन यांच्या साहाय्याने पॅच यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ते लांगेमार्कला गेले आणि तेथील जर्मन दफनभूमीवर त्यांनी पुष्पचक्र वाहिले. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २००८ मध्ये, स्टीनबेक ओढ्याच्या काठी आपल्या पलटणीच्या स्मरणार्थ एक शिळा त्यांनी स्वतः जाऊन उभारविली.

पॅच यांची मते सौम्य नव्हती. युद्ध म्हणजे सरकारमान्य मनुष्यहत्या होय, आणि अखेर सर्व काही टेबलाभोवती बसूनच मिटवावे लागले तर ते लाखो माणसे मारण्याआधी का मिटवू नये, असे ते विचारीत. ११ नोव्हेंबरचे समारंभ त्यांना लष्करी देखाव्यासारखे वाटत. तरीही नोव्हेंबर २००८ मध्ये हेन्री अ‍ॅलिंगहॅम व बिल स्टोन या दोन सहवृद्धांबरोबर ते चाकाच्या खुर्चीवरून लंडनच्या स्मारकापाशी उपस्थित राहिले. स्टोन जानेवारी २००९ मध्ये गेले, अ‍ॅलिंगहॅम १८ जुलैला, आणि आठवडाभराने पॅच.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबणे इष्ट. ऐंशी वर्षांनंतर सांगितलेली आठवण कितपत ग्राह्य धरावी? शंभरीच्या माणसाच्या स्मृतीत मधल्या काळात पाहिलेली चित्रे, ऐकलेली भाषणे, इतरांची मते मिसळलेली असणारच. पहिले महायुद्ध निव्वळ निरर्थक होते हे मत ब्रिटनमध्ये पुढच्या दशकांत दृढ झाले. १९१८ साली परतलेल्या सर्वच सैनिकांचे ते मत नव्हते, असे अलीकडील अनेक इतिहासकार दाखवून देतात. साम्राज्याचे राजकारण, जर्मन आक्रमण, बेल्जियमचा प्रश्न यांविषयी एका शिपायाच्या साक्षीवरून निकाल देता येत नाही, हे उघड आहे. शिवाय जो शेवटचा उरतो त्याला राष्ट्र आपोआप प्रतीक बनविते. पॅच यांनाही ही जाणीव होती. आपण केवळ जिवंत राहिलो एवढेच आपले कर्तृत्व, असे त्यांना वाटे.

परंतु साक्ष कशाची आहे हे पाहिले म्हणजे तिचे मोल ठरविता येते. युद्ध का झाले हे पॅच सांगू शकत नाहीत. पण गोळ्यांच्या पिशव्या कोण वाही, केकचे तुकडे कसे वाटले जात, भूल नसताना तुकडा कसा काढला गेला, आणि पाच पोरांनी माणसे न मारण्याचे आपसांत कसे ठरविले, हे तेच सांगू शकतात. बटालियनच्या रोजनिशीत त्या रात्री किती माणसे गेली याची नोंद असते. ती पाचांपैकी तिघे होती आणि त्यांच्यावाचून उरलेल्या दोघांचे घर मोडले, ही नोंद रोजनिशीत नसते. आम्ही राज्य शासनाच्या सेवेत बरीच वर्षे काढली. निवृत्तिवेतनाच्या व माजी सैनिकांच्या जमिनींच्या नोंदी आमच्या टेबलावरून गेल्या. त्या नोंदींत नाव, क्रमांक, पलटण, भरतीची तारीख आणि वारसाचे नाव एवढे असते. शासनाला तेवढेच हवे असते, आणि त्यात काही गैर नाही. परंतु माणूस त्या चौकटीत मावत नाही, हे त्या नोंदी हाताळणाऱ्यालाच सर्वांत आधी कळते.

फ्रान्समध्येही असेच एक आयुष्य घडले. लाझार पाँतिसेली हा मूळचा इटलीतील गरीब घरचा मुलगा लहानपणी पॅरिसला आला, दोन्ही देशांच्या सैन्यांतून लढला आणि युद्धानंतर त्याने भावांसह धुराड्यांचा व नळकामाचा धंदा उभा केला. मार्च २००८ मध्ये ११० व्या वर्षी तो वारला. फ्रान्सचा तो शेवटचा सैनिक. सरकारने देऊ केलेली राजकीय इतमामाची अंत्ययात्रा त्याने आधी नाकारली, आणि पुढे सर्व मृत सोबत्यांच्या वतीने, साधेपणाच्या अटीवर, ती स्वीकारली. इंग्लंडचा आणि फ्रान्सचा असे दोन्ही शेवटचे शिपाई नळकामाच्या धंद्यातले निघावेत हा योगायोग. पण दोघांनीही समारंभापेक्षा सोबत्यांना वर मानले हा योगायोग नव्हे.

आता आपल्याकडे वळू. या युद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली आणि सुमारे ७४,००० परतली नाहीत. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या पुढाकाराने संस्थानिकांनी ‘लॉयल्टी’ नावाचे रुग्णालयजहाज सज्ज केले, हे ग्वाल्हेरच्या मंडळींना ठाऊक असेल. मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, झुंजला. १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा पाच महिन्यांच्या जवळपास चाललेला तो वेढा उपासमारीने संपला, आणि शरण आलेल्या शिपायांपैकी हजारो पुढील वाटचालीत व बंदिवासात मेले. फ्रान्समध्ये खडकीच्या बाँबे सॅपर्सच्या २० व २१ क्रमांकांच्या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव्ह शापेल गावात घराघरातून झुंज दिली. त्यांचे जवळजवळ सारे अधिकारी त्या दिवशी पडले किंवा जखमी झाले. सॅपर म्हणजे मुळात कारागीरच. सुतार, लोहार, गवंडी यांचेच हात पूल बांधावयास व खंदक खणावयास लागत. त्या दिवशी त्या हातांना संगिनी घेऊन पुढे जावे लागले. नव्ह शापेल येथे १९२७ मध्ये उघडलेल्या स्मारकावर हिंदी सैन्यातील ४,७०० हून अधिक बेपत्ता शिपायांची नावे आहेत.

युद्धानंतर, १९२२ च्या पुनर्रचनेत, मराठा पलटणी एका रेजिमेंटखाली आल्या आणि त्यांचे प्रशिक्षणकेंद्र बेळगावात स्थिरावले. ते आजही तेथेच आहे. बेळगाव परिसरातील जुन्या मराठी कुटुंबांना त्या केंद्राचा बिगूल घड्याळाइतका ओळखीचा आहे. सातारा जिल्ह्यातील आपशिंगे या गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली. गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा लागला. देशावरच्या व कोकणातल्या अनेक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक लहानशी पाटी बसविलेली दिसते: या गावातून महायुद्धास इतके गेले, पैकी इतके कामी आले. नावेसुद्धा नाहीत, फक्त दोन आकडे.

आपल्या शिपायांचे शब्द अगदीच नाहीत असे नव्हे. फ्रान्समधून हिंदी शिपायांनी घरी लिहिलेली पत्रे तपासणी अधिकारी वाचीत, त्यांचे उतारे इंग्रजीत उतरवीत. ते लंडनमध्ये जपले गेले आणि १९९९ मध्ये डेव्हिड ओमिस्सी यांनी त्यांतील निवडक प्रसिद्ध केले. जर्मनीतील व्ह्युन्सडॉर्फच्या बंदिछावणीत हिंदी कैद्यांचे आवाजही ध्वनिमुद्रित झाले व ते बर्लिनमध्ये शिल्लक आहेत. परंतु ही सारी साधने परक्यांनी, त्यांच्या गरजेसाठी गोळा केलेली. एकाने नजर ठेवण्यासाठी पत्रे वाचली, दुसऱ्याने भाषांचे नमुने म्हणून आवाज टिपले. घरी परतलेल्या माणसाला त्याच्याच अंगणात, त्याच्याच बोलीत, ‘तिकडे काय झाले आणि इकडे आल्यावर तुम्ही काय केले’ असे विचारून लिहून ठेवण्याची आपल्याकडे रीत नव्हती. आमच्या मते या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. पॅच यांच्या आयुष्यात तीन महिने युद्धाचे आणि पन्नास वर्षे नळांची. तीन महिन्यांनी त्यांना प्रसिद्धी दिली हे खरे. पण पन्नास वर्षांच्या कामाने त्यांना उभे ठेवले. मोडलेले जोडणे हा ज्याचा धंदा, त्याला बोलण्यापेक्षा काम हेच औषध वाटले असेल तर नवल नाही. आपल्या गावांतील पेन्शनर मंडळी बैलगाड्या बांधीत राहिली, विहिरी खणीत राहिली, शाळेची घंटा देत राहिली, यामागेही कदाचित हेच असेल.

पहिल्या महायुद्धाची पिढी आता सर्वस्वी संपली आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीत व ब्रह्मदेशात लढलेल्यांपैकी जे कोणी अद्याप असतील ते शंभरीच्या घरात आहेत. पण १९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांत गेलेली माणसे आपल्या घरांत, आपल्या गल्लीत आहेत. त्यांच्यातले कित्येक पुढे गिरणीत, गॅरेजात, सुतारकामात, बसच्या चाकामागे आयुष्य काढून बसले आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन जाण्याचे काम शासनाचे नव्हे. ते आपल्यासारख्या मंडळांचे व त्यांच्या नातवंडांचे आहे. लढाईबरोबर त्यांच्या धंद्याचेही विचारावे. हत्यारांची नावे लिहून घ्यावीत, उमेदवारी कोणाकडे केली ते लिहावे. जुन्या ट्रंकेत सेवामुक्तीचा दाखला, पदक किंवा पत्र असल्यास त्याची नक्कल मंडळाच्या दप्तरात ठेवावी.

६ ऑगस्ट २००९ रोजी वेल्सच्या कॅथीड्रलमध्ये पॅच यांची अंत्यप्रार्थना झाली. राष्ट्रीय इतमाम त्यांना नको होता. त्यांच्या इच्छेनुसार कोणीही शस्त्र आणावयाचे नव्हते, शोभेची तलवारसुद्धा नाही. शवपेटी ब्रिटिश शिपायांनी खांद्यावर घेतली. तिच्या दोन्ही बाजूंनी बेल्जियम, फ्रान्स व जर्मनी या देशांचे प्रत्येकी दोन शिपाई निःशस्त्र चालत होते. कॅथीड्रलच्या घंटेने एकशे अकरा टोले दिले. नंतर मंकटन कोम या लहानशा गावाच्या चर्चच्या आवारात, आपल्या माणसांजवळ, त्यांना पुरण्यात आले. ज्या टेकडीच्या दगडात त्यांच्या वडिलांनी छिन्नी चालविली ती तेथून हाकेच्या अंतरावर आहे.